रुक्माबाईचा शांत नाग

रवळू ड्रेसरला शिसारी फार. इतकी, की बाजारात कुणाच्या पायावरची माशी बसलेली जखम दिसली तरी तो तोंड फिरवून रस्ता ओलांडायचा. आणि अशा माणसाच्या नशिबी काम काय आलं, तर जन्मभर जखमा धुण्याचं.

खानापूरकडच्या एका खेड्यातला तो शेतकऱ्याचा मुलगा. जर्मनच्या लढाईत भरतीला गेला, पण छाती भरली नाही म्हणून त्याच्या हाती बंदुकीऐवजी चिमटा आणि कापूस आला. इराकात, बसऱ्याच्या तंबूतल्या इस्पितळात तीन वर्षं त्यानं पू निपटला, पट्ट्या बदलल्या, कापलेले पाय टोपलीत घालून बाहेर नेले. बरोबरचे लोक म्हणायचे, "महिनाभर थांब, नाक मरतंय. मग काय वाटत न्हाय." बाकीच्यांची नाकं मेली. रवळूचं उलट तिखट झालं. तंबूच्या दारात उभा राहिला की त्याला कळायचं, कुणाची जखम कोरडी पडत आली आणि कुणाची आतल्या आत सडत चालली. गोरा डॉक्टरसुद्धा कधीकधी त्याला पुढं घालून खाटांमधून फिरवायचा.

तिथंच त्याला आणखी एक गोष्ट कळली होती. ओरडणाऱ्या माणसाची काळजी नसते. चार दिवस शिव्या घालणारा, पट्टीला हात लावू न देणारा गडी पाचव्या दिवशी एकदम गरीब झाला, सांगेल तसा हात पुढं करू लागला, की रवळू मनात त्याचे दिवस मोजू लागायचा. असा शांत झालेला माणूस बहुधा आठवड्याच्या आत जायचा.

लढाई संपून तो घरी आला आणि मोठ्या बहिणीला, रुक्माबाईला, भेटायला येळ्ळूरला गेला. तिच्या दारात म्हैस नुकती व्याली होती. तिनं हौसेनं खरवस केला आणि वडी कापून भावापुढं ठेवली. त्या पिवळसर, थलथलत्या वडीकडं बघताच रवळू तोंडावर हात दाबून परसाकडं पळाला. रुक्माबाईला वाटलं, परमुलखात काही बाधा झाली. त्यानं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनंही पुन्हा कधी खरवस केला नसता.

पुढं त्याला बेळगावात एका खाजगी दवाखान्यात ड्रेसरची नोकरी लागली. आठवडाभर तो जखमा धुवायचा आणि रविवारी सकाळी दोन-अडीच कोस चालून येळ्ळूरला बहिणीकडं जेवायला जायचा. मेहुणे मारुतीराव गरीब स्वभावाचे शेतकरी, कमी बोलणारे. घरात पोर नव्हतं. पण घरात नाग होता.

हा नाग आला कसा, ते रुक्माबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. रवळू लढाईवर असताना आठ महिने त्याचं पत्र नव्हतं. गावात कुणी म्हणायचं जहाज बुडालं, कुणी म्हणायचं पलटण कापली गेली. तिनं एक वेळचं जेवण सोडलं होतं. अशात एक दिवस संकेश्वरकडचा नागोजी गारुडी दारात आला. तिची हकीगत ऐकून त्यानं पेटारी तिच्यापुढं सरकवली आणि म्हणाला, "आक्का, पंचमीला बायका नागाला भाऊ म्हणत्यात का न्हाय? तुझा भाऊ येईस्तवर ह्यो तुझा भाऊ. मंत्रानं ह्येचं इख बांधलंय. काय करायचा न्हाय. फकस्त तोंडाला हात लावायचा न्हाय, आन् कुणाला लावू द्यायचा न्हाय. त्येचा कोप वंगाळ."

पंधरा दिवसांत रवळूचं पत्र आलं. मग काय विचारता! नाग त्या घरचा झाला. रुक्माबाई रोज त्याला अंगावर घ्यायची, वाटीत दूध पाजायची, हळद-कुंकू वाहायची. गावातल्या बायका सोमवारी दर्शनाला येऊ लागल्या. दर दोन-तीन महिन्यांनी नागोजी यायचा, नागाला कात टाकायला म्हणून चार दिवस घेऊन जायचा आणि परत आणून द्यायचा. जाताना जोंधळा न्यायचा, बायकांनी वाहिलेले खण-लुगडी न्यायचा. रुक्माबाई हात जोडून द्यायची.

रवळू मात्र त्या पेटारीच्या वाऱ्याला उभा राहत नसे. दारातूनच ओरडायचा, "आक्का, ते पेटारं आत ठेव, मग मी येतो."

"लढाई मारून आलास आन् माझ्या नागाला भितोस?"

"भीत न्हाय गं. शिसारी येती."

"तुझ्यासाठीच आणला त्येला, आन् तुलाच शिसारी," म्हणून ती फुरंगटायची.

जेवताना ती नागाच्याच गोष्टी सांगायची. रवळू मान खाली घालून भाकरी मोडायचा; ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर पडायचं. कात टाकून परत आला की नाग तिला ओळखतच नाही म्हणे. पेटारी उघडली की फणा काढतो, फुसफुसतो, बंद तोंडानं हातावर धडका देतो. "मी त्येला परक्याकडं धाडलं म्हणून रुसतोय. धा-पंधरा दिवसांनी राग उतरतोय मग. गरीब हुतोय. माझ्या हातावर हनुवटी घासतोय, मांजरावाणी. कुशीत घेतला तरी हलत न्हाय."

रवळूनं हे पाच-सात वेळा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी त्याला त्या खवल्यांच्या हनुवटीची नुसती कल्पना करून कसंसं झालं, आणि त्यापलीकडं त्यानं विचार केला नाही.

एकोणीसशे वीस सालच्या श्रावणात, पंचमीच्या आधीच्या रविवारी तो गेला, तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता. ओसरीवर सात-आठ बायका बसल्या होत्या आणि मधे रुक्माबाई मांडीवर नाग घेऊन. शेजारची शालूबाई लाह्या वाहत होती. रवळूला बघून रुक्माबाई आनंदानं म्हणाली, "ये, ये, बघ तरी! तीन दिस झालं असं करायलाय. मान वर करून आशीर्वाद देतोय सगळ्यास्नी."

रवळूनं इच्छा नसताना बघितलं. नागानं फणा काढला नव्हता. मान मात्र सरळ वर, आढ्याकडं ताठ केली होती आणि तशीच धरून ठेवली होती, जणू खाली केली तर बुडेल. मधूनच मान एका बाजूला कलायची, मग तो हनुवटी तिच्या बांगड्यांवर घासायचा, पुन्हा वर न्यायचा. ओठांच्या फटीतून पांढरट फेस येत होता. श्वासाबरोबर त्यात बुडबुडे उठत होते.

"दूध वर आलंय," शालूबाई भक्तीनं म्हणाली. "पोट भरलंय देवाचं."

तेवढ्यात वारा फिरला. ओसरीवरचा उदबत्तीचा, ओल्या लुगड्यांचा, लाह्यांचा वास बाजूला सारून एक वास रवळूच्या नाकात शिरला. गोडसर, कुजका, जिभेवर बसणारा. बसऱ्याच्या तंबूतला. त्याला क्षणभर वाटलं, आपल्याच अंगाला तो लागून आलाय. त्यानं स्वतःची बाही हुंगली. मग चपला तशाच पायात ठेवून तो ओसरीवर चढला. आजवर ज्या नागाच्या वाऱ्याला तो उभा राहिला नव्हता, त्याच्यावरच वाकला. वास नागाच्या तोंडातून येत होता.

"आक्का, ह्येचं तोंड उघडून बघितलंस कधी?"

बायका दचकल्या. रुक्माबाईनं नागावर पदर घातला. "तोंडाला हात लावायचा न्हाय! ठावं हाय न्हवं तुला?"

"आतनं सडलंय हे."

"गप रं! पंचमी चार दिसावर आन् काय बोलतोस!"

रवळूनं मेहुण्यांकडं बघितलं. मारुतीराव खांबाला टेकून उभे होते. ते हळूच म्हणाले, "वास मलाबी येतोय, रुक्मा. तीन दिस झालं येतोय. मी म्हटलं, उंदीर मेला आसंल माळ्यावर."

मारुतीरावांनी बायकांना घरी जायला सांगितलं. रुक्माबाई रडू लागली, पण नाग तिनं हातातून सोडला. मारुतीरावांनी पंच्यात धरून त्याची मान पकडली. कसलीच झटापट झाली नाही. विळख्यातही जोर नव्हता. शेपूट ओल्या दोरीसारखी लोंबत होती.

रवळू उजेडात वाकला. ओठांच्या कडेला, खवल्यांच्या रंगाचाच, बारीक मळका दोरा होता. चार टाके. वरचा ओठ आणि खालचा ओठ एकत्र शिवलेला; मधे जीभ येण्याजोगी फट तेवढी ठेवलेली. टाक्यांभोवतीचं मांस सुजून दोरा आत रुतला होता.

"ह्येचं इख मंत्रानं न्हाय बांधलं," तो म्हणाला. "सुई-दोऱ्यानं बांधलंय."

दवाखान्यातली पिशवी त्याच्या खांद्याला होती. त्यानं कात्रीचं टोक घालून एक-एक टाका तोडला आणि चिमट्यानं खालचा जबडा उघडला. आत जे होतं ते बघून मारुतीरावांनी मान फिरवली. हिरड्या काळ्या पडल्या होत्या. जिथं विषाचे दात असायचे तिथं उपटल्याची भोकं होती आणि ती पिवळ्या, दह्यासारख्या घट्ट पुवानं भरलेली. वर नासलेल्या दुधाची साय चिकटलेली. रवळूनं कापूस गुंडाळून तो पू काढायला सुरुवात केली, तशी त्याबरोबर हिरडीचा तुकडाही निघून आला.

रवळूनं कापूस टाकला, अंगण ओलांडलं आणि निवडुंगाच्या कुंपणाशी जाऊन भडभडून ओकला. मग तोंड धुऊन परत आला आणि पुन्हा बसला. तीन वर्षं हेच केलं होतं त्यानं.

"आक्का, इकडं ये. बघ."

"न्हाय."

"बघ म्हणतोय."

तिनं बघितलं. 

"ह्यो आशीर्वाद देत नव्हता. घसा, फुफ्फुस पुवानं भरलंय. मान खाली केली तर श्वास येत न्हाय, म्हणून वर करत हुता. आन् हनुवटी घासत हुता ते टाके ठसठसत हुते म्हणून. लाड न्हवं ते."

"पर... गरीब हुता की रं. पयल्यांदा किती तापट. मग माझ्याजवळ राहून..."

"पयल्यांदा अंगात जोर हुता तवर तापट हुता, आक्का. मग मरायला लागला."

असं बोलल्यावर त्याला स्वतःचीच घाण वाटली. पाच-सात वेळा हीच हकीगत त्यानं याच ओसरीवर जेवताना ऐकली होती. माणसाच्या बाबतीत ऐकली असती तर हातातला घास टाकून उठला असता. पण साप म्हणून त्यानं कान मिटले होते, ताट जवळ ओढलं होतं.

तीन दिवस तो दवाखान्यातून सुट्टी काढून राहिला. सकाळ-संध्याकाळ परमँगनेटच्या लाल पाण्यानं नागाचं तोंड धुवायचा, कोंबडीच्या पिसानं आयोडीन लावायचा, आणि प्रत्येक वेळी कुंपणाशी जाऊन यायचा. रुक्माबाई जवळ येत नव्हती. चुलीपाशी बसून होती. एकदाच म्हणाली, "चार वर्सं जगला की माझ्याजवळ. असं दुखत आसतं तर चार वर्सं कसा जगला आसता?"

रवळूलाही ते कोडं सुटत नव्हतं. असल्या तोंडाचा जीव चार वर्षं काय, चार महिने जगायचा नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी नाग मेला. मारुतीराव त्याला पुरायला खड्डा खणत असतानाच अंगणाच्या फाटकातून नागोजी आत आला. डोक्याला भगवं मुंडासं, खांद्यावर कावड, तोंडभर हसू. "पंचमीच्या आधी कात टाकून आणतो म्हटलं नागोबाला," असं म्हणता-म्हणता त्याची नजर पंच्यावर ठेवलेल्या मेलेल्या नागाकडं गेली, आणि उघड्या जबड्याकडं. हसू गेलं. पण तो पळाला नाही.

रुक्माबाई चुलीपासून उठून आली. तिची नजर नागोजीच्या कावडीकडं होती. कावडीच्या एका टोकाला पेटारी बांधलेली होती.

"त्यात काय हाय?"

"काय न्हाय आक्का. दुसऱ्या गावचं."

"उघड."

नागोजी रवळूकडं आणि कुदळ घेतलेल्या मारुतीरावांकडं बघत राहिला, मग त्यानं झाकण काढलं. आतून फणा उभा राहिला. फण्याच्या पाठीवर ठळक दहाचा आकडा. नागानं फुसकारा टाकून झाकणावर बंद तोंडानं धडक दिली. ओठांवर नवा, अजून रक्तानं ओला दोरा होता.

रुक्माबाईनं ती धडक बघितली. हा रुसवा तिच्या ओळखीचा होता.

"ह्यो मला आज देणार हुतास," ती म्हणाली. "आन् त्येला नेणार हुतास."

नागोजी खाली बसला. त्याच्या बोलण्यात ना लाज होती ना मग्रुरी. पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसा तो सांगू लागला. "नाग लई टिकत न्हाय आक्का. दोन महिने, नायतर तीन. माझा बाबी असंच करायचा. तुझा पयला मेलता तवा तू रडशील म्हणून म्या दुसरा आणला. तू म्हणलीस रंग उजळलाय. म्या म्हटलं, कात टाकली. तुला बरं वाटत हुतं न्हवं?"

"किती झालं?"

"आता ते कुटं ध्यानात ऱ्हातंय?"

"किती?"

त्यानं बोटांची पेरं मोजली. "सोळा आसतील. ह्यो धरून सतरा."

रुक्माबाई वळली आणि रांजणापाशी गेली. तिनं हात धुतले. राख घेऊन पुन्हा धुतले. मग कोपरापर्यंत घासू लागली, हनुवटी जिथं घासली जायची तिथं, कातडी लाल होईपर्यंत. मारुतीरावांनी जाऊन तिचा हात धरला तेव्हा ती थांबली.

"जा," ती नागोजीला म्हणाली. "ती पेटारी ठेव आन् जा. परत ह्या दारात आलास तर तुझं तोंड मी शिवीन."

नागोजीनं वाद घातला नाही. पेटारी ठेवून तो मोकळी कावड घेऊन गेला. त्याच्या जाण्यात इतका सहजपणा होता की रवळूला कळून चुकलं. हा पुढच्या गावाला जाणार, तिथं दुसऱ्या कुणा आक्काला तेच सांगणार.

दुसऱ्या दिवशी पंचमी. बायका दूध-लाह्या घेऊन आल्या. रुक्माबाईनं त्यांना दारातच थांबवलं. नवा नाग तिनं कुणाला दाखवला नाही. त्याचे टाके रवळूनं रात्र पडायच्या आत कापले होते. तिनं चिमट्यात धरलेले ते चार दोऱ्याचे तुकडे दाखवले आणि काय झालं ते सगळं सांगितलं. सोळा म्हणून सांगितलं.

शालूबाईनं नाकाला पदर लावला. "सणाच्या दिवशी असलं काय काढतीस गं तोंडातनं! देवाची सेवा चुकली, तर चूक म्हणायचं. त्येला असं ओंगळ करायचं व्हय?"

"ओंगळच हाय ते, शालू," रुक्माबाई म्हणाली.

वर्षभर त्या बायका तिच्या दाराकडं फिरकल्या नाहीत.

नव्या नागाची जखम ताजी होती, सडायला लागली नव्हती. रवळू दर दोन दिवसांनी बेळगावाहून चालत यायचा. मारुतीराव काठीनं मान दाबायचे, आणि तो तोंड धुवायचा. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यानं जबडा उघडला तर हिरडीच्या काळ्या कडेतून सुईच्या अग्रासारखा नवा विषाचा दात डोकावत होता. त्या दिवसापासून नाग पेटारीचं झाकण हलवलं तरी उसळायचा. पाण्याच्या वाटीवर फणा आपटायचा. रुक्माबाई लांबून बघायची.

"माझ्यावर लई रागावलाय," ती एकदा म्हणाली.

"रागावू दे. बरा हाय म्हणून रागावलाय."

ती किंचित हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

भादव्यात एका उघडीपीच्या सकाळी तिघं राजहंसगडाच्या उतारावर गेले. करवंदीच्या जाळीपाशी मारुतीरावांनी पेटारी आडवी केली आणि लांब काठीनं झाकण ओढलं. नाग बाहेर आला, एकदा फणा काढून तिघांकडं उभा राहिला, आणि दगडांमधून खाली उतरून दिसेनासा झाला. रुक्माबाईनं हात जोडले नाहीत. "जा बाबा," एवढंच म्हणाली. रवळू जाळीच्या पलीकडं तोंड करून उभा होता. ते सळसळतं शेपूट त्याला शेवटपर्यंत बघवलं नाही.

पुढं सत्तावीस वर्षं रवळू जगला. निपाणीच्या, संकेश्वरच्या, चिकोडीच्या बाजारात जिथं पुंगी वाजली तिथं गर्दीत घुसून तो गारुड्याला म्हणायचा, "तोंड उघडून दाखव." कधी मार खाल्ला, कधी लोकांनीच त्याला वेडा म्हणून हाकललं. एकदा सदलग्याला एका जैन अडत्यानं, जिनदत्त आण्णांनी, आपल्या दुकानात पेटारी आणवून, दार लावून, रवळूच्या हातून टाके कापवून घेतले. ते उभे राहून सगळं बघत होते. पुवाचा पहिला बोळा निघाला तेव्हा ते भिंत धरून खाली बसले, आणि म्हणाले, "ह्याच नागाला मी दर साली दूध घालायला लावतो रे, पोरीस्नी." मग पुढच्या साली सदलग्यात बऱ्याच घरांनी भिंतीवर गंधाचा नाग काढून पूजा केली.

सापाविषयी रवळूला माया वाटू लागली असं मात्र कधी झालं नाही. कुणी हौशीनं तसं विचारलं, तर तो चिडायचा. काम झालं की आडोसा शोधून ओकायचा, चूळ भरायचा आणि येळ्ळूरची वाट धरायचा. रुक्माबाई दार उघडून आधी त्याच्या तोंडाकडं बघायची आणि काही न विचारता लिंबाचं पाणी करायला आत जायची.